मेंढ्या कातरणाऱ्याची लेक



गेल्या रब्बीत हरभऱ्याच्या प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर उभा होतो. घाटेअळीबद्दल बोलता बोलता त्या शेताच्या मालकाने एकदम वेगळाच प्रश्न केला. "साहेब, धाकटी धावण्यात तालुक्याला पहिली आली. शहरातले एक सर म्हणतात, आमच्याकडे पाठवा, राहणं-खाणं-शाळा सगळं बघतो. पाठवू का?" त्याची बायको शेजारच्या सरीत खुरपत होती. तिने मान वर केली नाही, पण खुरपे थांबले.

घाटेअळीला माझ्यापाशी औषध होते, ह्या प्रश्नाला नव्हते. "विचार करून सांगतो" असे म्हणून मी मोटारसायकलला किक मारली. वाटेत मला एक जुने नाव आठवले. १९८० साली मी सातवीत होतो. आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत दोन दिवसांचे शिळे वर्तमानपत्र येत असे आणि ते मोठ्याने वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे असे. त्यात बातमी होती की, तीन वर्षांच्या मुलीच्या आईने विम्बल्डन जिंकले. म्हातारी माणसे हसली होती. "लेकरू कोणाजवळ ठेवलं होतं तिनं?" असे एकाने विचारल्याचेही आठवते.

त्या बाईचे नाव इव्हॉन गुलागाँग. तिची हकिकत मी पुढे वाचीत गेलो, आणि जसजशी वाचली तसतसे वाटू लागले की ही टेनिसची हकिकत कमी आणि आपल्यासारख्या घरांची अधिक आहे. ती आज आपणांस सांगतो.

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेला न्यू साउथ वेल्स नावाचे राज्य आहे. त्याच्या आतल्या भागात, सिडनी शहरापासून रस्त्याने पाचशे किलोमीटरहून अधिक अंतरावर बॅरेलन नावाचे लहानसे गाव आहे. वस्ती काही शेकड्यांची. चहूकडे गव्हाची सपाट राने आणि मेंढ्यांचे कळप. ऋतू आपल्या उलटे. गहू आपल्या उन्हाळ्यात पेरायचा आणि नोव्हेंबर-डिसेंबरात काढायचा. पाऊस बेताचाच. थोडक्यात, आपल्या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला तेथे फारसे परके वाटू नये.

ह्या गावात केन गुलागाँग नावाचा गृहस्थ राहात असे. धंदा मेंढ्या कातरण्याचा. तिकडची मेरिनो मेंढी वर्षाकाठी चार-पाच किलो लोकर देते. आपल्या दख्खनी मेंढीची किलोभरही भरत नाही. म्हणून तिकडे कातरणी हा मोठा व्यवसाय आहे. कातरणाऱ्यांच्या टोळ्या ह्या फार्मवरून त्या फार्मवर फिरतात, आणि मजुरी मिळते ती शेकडा मेंढ्यांच्या हिशेबाने. दिवसभर कमरेत वाकून काम. ज्याने ऊसतोड पाहिली आहे त्याला अधिक सांगायला नको. कातरणी नसेल तेव्हा केन शेतावर पडेल ते काम करी. घरात बायको मेलिंडा आणि आठ मुले. इव्हॉन तिसरी. जन्म ३१ जुलै १९५१ चा, जवळच्या ग्रिफिथ गावचा.

गुलागाँग कुटुंब हे तेथील मूळ रहिवाशांपैकी, विराजुरी लोकांपैकी होते. गोरे लोक ऑस्ट्रेलियात येण्यापूर्वी हजारो वर्षे ही माणसे त्या भूमीवर राहात होती. परंतु इव्हॉन लहान असताना देशाच्या शिरगणतीत त्यांची गणना धरण्याची तरतूद नव्हती. ती १९६७ च्या सार्वमतानंतर आली. आणि त्याहून वाईट प्रकार असा की, सरकारी खात्याची माणसे गाडी घेऊन येत आणि 'मुलांच्या कल्याणासाठी' म्हणून मूळ रहिवाशांची लेकरे आईबापांपासून काढून नेत. कोणी अनाथाश्रमात जाई, कोणी गोऱ्या घरी कामाला. पुष्कळांची आईबापांशी पुन्हा भेट झाली नाही. ह्या कृत्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती फेब्रुवारी २००८ मध्ये.

मेलिंडाबाईंनी मुलांना शिकवून ठेवले होते: रस्त्यावर चकचकीत गाडी दिसली की लपा. 'कल्याण' हा शब्द सरकारी कागदावर मी नोकरीत हजार वेळा लिहिला असेन. तो ऐकून एखादी आई लेकरांना लपवीत असेल, हे मात्र कधी मनात आले नव्हते.

बॅरेलनमध्ये मूळ रहिवाशांचे हे एकच कुटुंब. त्यांच्या घराजवळ गावच्या क्लबाची टेनिसची मैदाने होती. इव्हॉनपाशी रॅकेट नव्हती. फळांच्या खोक्याची एक फळी घेऊन जुना चेंडू भिंतीवर मारीत बसणे हा तिचा खेळ. एका मासिकात तिने विम्बल्डन नावाच्या ठिकाणाची गोष्ट वाचली. मोठ्या जादूच्या मैदानावर एक मुलगी खेळते आणि जिंकते, अशी काहीतरी. विम्बल्डन खरोखरच आहे आणि ते लंडनमध्ये आहे, हे तिला नंतर कळले. (जाता जाता आपल्या विषयातले सांगतो: विम्बल्डनची मैदाने गवताची आहेत, आणि ते गवत आज संपूर्ण बहुवार्षिक राय गवत असते. स्पर्धेच्या दिवसांत ते बरोबर आठ मिलिमीटर उंचीवर कापतात. चाऱ्याच्या गवताचे एवढे लाड दुसरीकडे कोठे होत नसतील.)

मैदानाला जाळीचे कुंपण होते. गोरी मुले आत खेळत आणि ही बाहेरून पाहात उभी राही. त्या काळी आतल्या भागातील पुष्कळ गावांत मूळ रहिवाशांच्या मुलांना कुंपणाच्या आत जागा नसे. गावातले एक वयस्क गृहस्थ होते, बिल कर्ट्झमन. क्लबाचे काम तेच पाहात. त्यांनी ह्या मुलीला कुंपणाशी पाहिले आणि आत येऊन खेळ म्हणून सांगितले.

मला विचाराल तर सगळ्या हकिकतीत एवढीच जागा अशी आहे की जेथे गोष्ट दुसरीकडे वळली असती. ह्या माणसाला टेनिसमधले फार मोठे ज्ञान होते असे नाही. हाती किल्ली होती, ती त्याने वापरली. पुढे गावाने वर्गणी केली. मुलीला स्पर्धेला जायला खर्च, कपडे, रॅकेट हे सारे बॅरेलनच्या लोकांनी जमविले. गहू पिकवणारी माणसे ती. एखादे साल बुडीत गेलेले कोणाला चुकले असेल? तरी मेंढ्या कातरणाऱ्याच्या काळ्या मुलीसाठी त्यांनी खिशात हात घातला. आपल्याकडे जत्रेच्या कुस्त्यांना वर्गणी होते तशीच म्हणा, पण ही वर्गणी एका दिवसात संपणारी नव्हती.

सिडनीत व्हिक एडवर्ड्स नावाचे एक नामांकित शिक्षक होते. त्यांची टेनिसची शाळा होती आणि ते आपले मदतनीस खेडोपाडी शिबिरे घ्यायला पाठवीत. हे वाचून मला आमच्याच खात्याची आठवण झाली. आम्हीही शिबिरे घेतो, अहवाल पाठवतो. अहवाल कोणी वाचतो की नाही देव जाणे. येथे मात्र वाचला गेला. मदतनिसांनी कळविले की बॅरेलनला एक मुलगी आहे, आपण स्वतः येऊन पाहा. एडवर्ड्स स्वतः गेले. मुलीची हालचाल पाहिली आणि तिच्या आईबापांना विचारले, हिला माझ्याकडे सिडनीला पाठवाल का?

आता मेलिंडाबाईंच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. जन्मभर जिची भीती बाळगली तीच गोष्ट दारात उभी. गोरा माणूस, शहरातून आलेला, लेकीला नेतो म्हणतो. फरक इतकाच की हा विचारीत होता. आईबापांनी होकार दिला. आधी शाळेच्या सुट्यांपुरते आणि मग १९६५ च्या सुमारास कायमचे, अशी इव्हॉन सिडनीला गेली. वय तेरा-चौदा. एडवर्ड्स कुटुंबातच राहिली, त्यांच्या मुलींबरोबर वाढली. विलोबीच्या मुलींच्या शाळेत जाऊन १९६८ मध्ये शालान्त परीक्षेचा दाखला मिळविला. शाळा सोडविली नाही, ही गोष्ट एडवर्ड्सच्या खात्यात जमेची धरली पाहिजे.

शिकविलेही उत्तम. त्यांनी भाकीत केले होते की ही मुलगी १९७४ मध्ये विम्बल्डन जिंकेल. प्रत्यक्षात १९७० मध्ये ती पहिल्यांदा तेथे खेळली आणि लवकर हरली, आणि दुसऱ्याच वर्षी, १९७१ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी जिंकली. त्याआधी काही आठवड्यांपूर्वी पॅरिसची फ्रेंच स्पर्धाही तिने जिंकली होती, तीही तेथे पहिल्यांदाच खेळताना. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात समोर मार्गारेट कोर्ट होत्या. त्याच ऑस्ट्रेलियाच्या, आणि आदल्या वर्षी चारही मोठ्या स्पर्धा जिंकलेल्या. इव्हॉनने त्यांना ६-४, ६-१ असे हरविले. टेनिस ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: ह्याचा अर्थ दुसऱ्या डावात जगातल्या पहिल्या खेळाडूला सातांपैकी एकच गेम मिळाला.

पाहणारे सांगतात, ती जिंकण्यासाठी धावते आहे असे वाटतच नसे. नाचल्यासारखी हलके हलके फिरे आणि हरली तरी हसे. बक्षीस मिळाले १८०० पौंड. पुरुषांच्या विजेत्याला त्याच वर्षी ३७५० पौंड. बाईमाणसाच्या खुरपणीचा रोज आणि गड्याचा रोज ह्यांत आपल्याकडे जो फरक करतात, तो राणीच्या देशातही होता म्हणायचा. त्या वर्षी तिला 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' हा मान मिळाला. ज्या देशाच्या मोजणीत तिचे आईबाप चार वर्षांपूर्वीपर्यंत धरले जात नव्हते, त्या देशाचा.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली होती, ती गाळून चालणार नाही. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेदाचे राज्य होते. गोऱ्यांच्या मैदानावर काळ्याने खेळायचे नाही. इव्हॉन तेथे खेळायला गेली तेव्हा तिला 'मानद गोरी' ठरवून आत घेतले. तिच्याच देशातल्या मूळ रहिवाशांच्या कार्यकर्त्यांनी तिच्यावर टीका केली की तू जायला नको होतेस. टीका चुकीची नव्हती. पण ती एकोणीस वर्षांची होती, आणि कोठे खेळायचे हे ठरवीत होते एडवर्ड्स.

येथे मी जरा थांबतो, कारण त्या खुरपणाऱ्या माउलीला मला जे सांगायचे होते ते येथे आहे. एडवर्ड्स हे इव्हॉनचे शिक्षक, तेच व्यवस्थापक आणि तेच कायद्याने पालक. सावकार तोच, अडत्या तोच आणि काटाही त्याचाच, अशी स्थिती असली म्हणजे काय होते हे आपणांस बाजारात रोज दिसते. माणूस वाईटच असावा लागतो असे नाही. पण हिशेब विचारायला दुसरे कोणी उरत नाही. मुलगी मोठी झाली, जगप्रसिद्ध झाली, तरी तिचा दिवस, तिचा पैसा, तिच्या गाठीभेटी दुसऱ्याच्या हातात. १९७४ मध्ये केन गुलागाँग मोटारीच्या अपघातात वारले. १९७५ मध्ये इव्हॉनने रॉजर कॉली ह्या इंग्रज तरुणाशी लग्न केले आणि एडवर्ड्सपासून ती वेगळी झाली. ज्या घरात दहा वर्षे काढली त्या घराशी तिचा संबंध तुटला, आणि बॅरेलन तर त्याआधीच दूर राहिले होते.

मधल्या वर्षांतला खेळ मी थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलियाची स्पर्धा तिने चार वेळा जिंकली. अमेरिकेच्या स्पर्धेत १९७३ ते १९७६ अशी सलग चार वर्षे ती अंतिम सामन्यात पोहोचली आणि चारही वेळा हरली. विम्बल्डनचा अंतिम सामना १९७२, १९७५ आणि १९७६ मध्ये हरली. ह्या हरण्यांवर वर्तमानपत्रे एक शब्द वापरीत. मूळ रहिवासी लोक काही काळ वस्ती सोडून रानात फिरायला जातात, त्याला तिकडे 'वॉकअबाउट' म्हणतात. सामन्यात इव्हॉनचे लक्ष उडाले की हे लिहीत, "ती वॉकअबाउटला गेली." क्रिस एव्हर्टचे लक्ष उडाले तर ती थकलेली असे, हिचे उडाले तर दोष जातीचा. आपल्याकडे ही पद्धत नाही असे छातीवर हात ठेवून मी म्हणणार नाही.

मे १९७७ मध्ये इव्हॉनबाईंना मुलगी झाली, केली. त्या वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी ऑस्ट्रेलियाची स्पर्धा पुन्हा जिंकली. पुढे दुखापती सुरू झाल्या, आणि पुष्कळांनी हिशेब मिटवून टाकला की आता ह्या संपल्या. मग १९८० चे विम्बल्डन आले, मी मोठ्याने वाचलेले. उपान्त्य सामन्यात ट्रेसी ऑस्टिनकडून एक डाव ०-६ असा गमावूनही त्या जिंकल्या. अंतिम सामन्यात क्रिस एव्हर्ट-लॉइड. पाऊस मध्ये येऊन गेला. पहिला डाव ६-१ आणि दुसरा टायब्रेकवर ७-६. वय अठ्ठावीस, पहिल्या विजयाला नऊ वर्षे झालेली. विम्बल्डनला मुलाची आई असलेली बाई जिंकण्याची ही घटना १९१४ नंतर, म्हणजे सहासष्ट वर्षांनी घडली होती. लेकरू कोणाजवळ ठेवले होते, ह्या आमच्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकतो: नवरा बरोबर होता.

कचेरीत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला फार हसवून गेलेली एक गोष्ट आहे. स्त्री खेळाडूंची गुणक्रमाची यादी १९७५ पासून संगणकावर होऊ लागली. डिसेंबर २००७ मध्ये असे निघाले की एप्रिल १९७६ मध्ये दोन आठवडे इव्हॉनबाई जगात पहिल्या क्रमांकावर होत्या, पण ते कागद हिशेबात आलेच नव्हते. एकतीस वर्षांनी सांगण्यात आले की बाई, आपण पहिल्या होता. आमच्याकडे अनुदानाचा प्रस्ताव इतका काळ अडकला नाही, एवढे समाधान मानायला हरकत नाही.

सात मोठ्या स्पर्धा एकेरीत, सात दुहेरी-मिश्र धरून, अशा चौदा. एवढे मिळवून १९८३ च्या सुमारास त्या थांबल्या. राहायला अमेरिकेत होत्या. आणि खरी हकिकत, मला वाटते, त्यानंतरची आहे. १९९१ मध्ये मेलिंडाबाई गेल्या. इव्हॉनबाई मातीला म्हणून गावी आल्या. तेथे नातेवाईक भेटले, किती तरी चेहरे ओळखीचे नाहीत. आपले लोक कोण, आपली भाषा काय होती, आजी-आजोबा कोठून आले, हे त्यांना सांगता येईना. वयाच्या चाळिशीत त्यांनी विचारायला सुरुवात केली. अमेरिकेतले बिऱ्हाड मोडून नवरा व दोन्ही मुलांसह त्या ऑस्ट्रेलियाला परतल्या, क्वीन्सलंडमध्ये राहू लागल्या, आणि म्हाताऱ्या माणसांकडून आपल्याच घराचा इतिहास शिकल्या. १९९३ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिले. त्याचे नाव टेनिसवरचे नाही. त्याचे नाव 'होम', म्हणजे घर.

पुढे त्यांनी मूळ रहिवाशांच्या मुलामुलींसाठी टेनिसची शिबिरे सुरू केली. त्यांत खेळाइतकाच भर मुलांनी शाळा सोडू नये ह्यावर असतो. त्याच समाजाच्या अ‍ॅश बार्टी हिने २०२१ मध्ये, बरोबर पन्नास वर्षांनी, विम्बल्डन जिंकले. तेव्हा तिने मुद्दाम इव्हॉनबाईंच्या १९७१ च्या पोशाखासारखा पोशाख शिवून घेतला होता. जानेवारी २०२२ मध्ये बार्टी ऑस्ट्रेलियाची स्पर्धा जिंकली तेव्हा करंडक तिच्या हाती द्यायला इव्हॉनबाई स्वतः आल्या.

बॅरेलनमध्ये २००९ साली गावाच्या शताब्दीला एक टेनिस रॅकेट उभारली आहे. जवळजवळ चौदा मीटर लांब, इव्हॉनबाई वापरीत तशाच रॅकेटची हुबेहूब प्रतिकृती. चार मजली घराएवढी वस्तू.

महिन्याभराने त्या हरभऱ्याच्या शेतावर पुन्हा गेलो. घाटे भरले होते. बांधावर बसून नवराबायकोला ही सगळी गोष्ट सांगितली. तो विम्बल्डनच्या पैशाबद्दल विचारीत राहिला. बाई बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "तिच्या आईला मधी मधी भेटायला जाता येत हुतं का?"

मी म्हटले, "पाचशे किलोमीटर होते, आणि घरी सात लेकरं."

"आमचं सत्तर हाय," ती म्हणाली. "यष्टी जाती."

त्या सरांच्या वसतिगृहावर आम्ही तिघे एका रविवारी जाऊन आलो. मुली किती, रात्री त्यांच्याजवळ बाई कोण असते, शाळा कोणती, बक्षिसाचा पैसा कोणाच्या खात्यात जातो, घरी फोन कधी करू देतात, असे प्रश्न त्या माउलीने विचारले. मला एकही विचारावा लागला नाही. पैशाच्या प्रश्नाला सर थोडे अडखळले, पण मुलीच्या नावचे पासबुक आईजवळ राहील असे त्यांनी लिहून दिले. मे महिन्याच्या सुटीत मुलगी तेथे महिनाभर राहून आली. जूनला शाळा पुन्हा गावातच सुरू केली आहे. दिवाळीत परत जाणार आहे. कायमचे जायचे की नाही हे तिने अजून सांगितलेले नाही, आणि कोणी तिला घाईही केलेली नाही.